नागीण की मकडी? पहिले तीन दिवस हातचे घालवू नका



पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "डॉक्टर साब, मकड़ी फिर गई।" शिवाजी नगरमधले निवृत्त अधिकारी असोत की न्यू मार्केटमधला दुकानदार, अंगावर आग होणारे फोड उठले की भोपाळमध्ये दोष कोळ्याच्या माथी जातो. आपल्या मराठी घरांतही हा शब्द चांगला रुळलाय. आजी म्हणते नागीण, शेजारच्या काकू म्हणतात मकडी, आणखी कुणी म्हणतं जनेऊ, आणि पुण्याहून फोनवर मुलगा म्हणतो, "आई, शिंगल्स असेल, मी आत्ताच वाचलं." नागीण, जनेऊ आणि शिंगल्स ही तीन नावं एकाच आजाराची. मकडी हा शब्द तेवढा घोटाळ्याचा आहे, आणि त्या घोटाळ्यात उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात.

म्हणून या महिन्याचा विषय नागीण. लेख मुद्दाम तरुण वाचकांसाठी लिहिते आहे. नागीण बहुधा आई-बाबांना, आजी-आजोबांना होते. पण ती वेळेत ओळखली जाते की नाही, हे पुष्कळदा तुमच्यावर अवलंबून असतं, कारण घरात "डॉक्टरकडे चला" म्हणणारे तुम्हीच असता. तुम्ही बंगळूरला किंवा न्यू जर्सीला असलात तरी.

सत्तर वर्षांचा मुक्काम

नागीण बाहेरून येत नाही, ती आपल्याच अंगात मुक्कामाला असते. लहानपणी ज्या विषाणूमुळे कांजिण्या येतात, तोच पुढे नागीण घडवतो. त्याचं नाव व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या पडतात, घरातले "छोटी माता गेली" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. विषाणू मात्र जात नाही. तो मज्जातंतूंमधून मागे सरकतो आणि पाठीच्या कण्यालगत, मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यात जाऊन निजतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या आजोबांचा जन्म १९४५ चा, नागपूरचा. सात-आठ वर्षांचे असताना महालातल्या घरात त्यांना कांजिण्या आल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली, आणि सरकारी नोकरीतले पणजोबा बिऱ्हाड घेऊन इकडे आले. आपल्यातल्या कितीतरी घरांची कहाणी अशीच आहे, कुणाची नागपूरपासून, कुणाची ग्वाल्हेर-इंदूरपासून. सामानाच्या ट्रंका उतरल्या, त्यांच्याबरोबर आजोबांच्या कण्याशेजारी निजलेला विषाणूही इथे उतरला. आजोबांची शाळा झाली, नोकरी झाली, लग्न झालं, निवृत्तीही झाली. तेवढी सगळी वर्षं तो गप्प होता, कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीचा त्याच्यावर पहारा होता. ऐंशीच्या घरात पहारा ढिला पडला आणि विषाणू जागा झाला. आला तसाच मज्जातंतूवरून प्रवास करत तो कातडीपर्यंत पोचला. हीच नागीण.

पहारा ढिला पडायचं सर्वांत मोठं कारण वय. पन्नाशीनंतर धोका वाढत जातो. मधुमेह, कर्करोगावरचे उपचार, अवयव बदलल्यानंतरची औषधं, बराच काळ घेतलेली स्टेरॉइडं, एचआयव्ही यांमुळे तो आणखी वाढतो. तरुणांना नागीण होतच नाही असं नाही, पण प्रमाण कमी. अमेरिकेतला अंदाज असा, की दर तिघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी ती होते. म्हणजे हा काही दुर्मीळ आजार नाही.

हे कोडं उलगडण्यात माझ्यासारख्याच एका फॅमिली डॉक्टरचा मोठा वाटा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या लहानशा गावात एडगर होप-सिंपसन प्रॅक्टिस करायचे. आपल्याकडे येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद त्यांनी सोळा वर्षं ठेवली, आणि १९६५ मध्ये मांडलं की हा बालपणीच्या कांजिण्यांचाच निजलेला विषाणू आहे, वय वाढलं की तो डोकं वर काढतो. दोन्ही आजारांतला विषाणू एकच, हे त्याआधी अमेरिकेत थॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं.

तोंड आणि शेपूट मिळालं तर?

कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. जोडीतला एक उजवीकडे जातो, एक डावीकडे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला कातडीचा एकेक पट्टा येतो. जागा झालेला विषाणू बहुधा एकाच मज्जातंतूवरून बाहेर पडतो. म्हणून फोड अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात. पाठीपासून सुरू होऊन बरगडीवरून छातीपर्यंत, किंवा कमरेवरून पोटापर्यंत. मधली रेघ आली की थांबतात. ग्रीकांना त्यात कमरपट्टा दिसला, म्हणून त्यांनी झोस्टर म्हटलं. हिंदीभाषकांना जानवं दिसलं, आणि आपल्या लोकांना सरपटणारी नागीण.

त्या नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं, म्हणजे विळखा पुरा झाला, की माणूस दगावतो असं आजीने तुम्हाला सांगितलं असेल. आजारी माणूस या भीतीनेच अर्धा होतो. त्याला शांतपणे सांगा की विळखा पुरा होत नाही, कारण उजवा मज्जातंतू डावीकडे जातच नाही. क्वचित फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरतात. तेव्हाही मरण ओढवतं ते विळख्यामुळे नव्हे. प्रतिकारशक्ती फार खालावल्याची ती खूण असते, आणि अशा माणसाला लगेच रुग्णालयात न्यावं लागतं.

मकडी म्हणजे नक्की कोण?

आता भोपाळी मकडीकडे वळू. पावसाळ्यात संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती एक बारीक किडा येतो. मुंगीसारखा लांबट, नारिंगी अंगावर काळे पट्टे. तलावांच्या आणि झाडीच्या या शहरात तुम्ही तो नक्की पाहिला असेल. हा किडा चावत नाही. पण मानेवर किंवा हातावर बसला आणि आपण तो चिरडला, की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो. दुसऱ्या दिवशी तिथे लाल, जळल्यासारखी रेघ उठते आणि तिच्यावर बारीक फोड येतात. लोकांना वाटतं झोपेत अंगावरून कोळी फिरला. बिचाऱ्या कोळ्याचा यात काही संबंध नसतो.

ही किड्याची जखम साबणाने धुऊन, थंड पट्ट्या आणि कॅलामाइन लावून आठ-दहा दिवसांत बरी होते. डोळ्याजवळ असेल तर मात्र दाखवावी. अडचण अशी की नागिणीलाही इथे मकडीच म्हणतात. आणि "मकडीच आहे, होईल बरी" म्हणून नागीण अंगावर काढली जाते. दोन्ही वेगळ्या ओळखायच्या खुणा अशा:

- दुखणं आधी की फोड आधी? नागिणीत बहुतेकांना फोड येण्याआधी एक ते पाच दिवस त्या जागी दुखतं, जळजळतं, मुंग्या येतात, कपडा लागला तरी हुळहुळतं. किड्याच्या जखमेत आग होते, पण ती लाल रेघेबरोबरच.
- एक बाजू की कुठेही? नागीण एका बाजूला, एका पट्ट्यात. किड्याची रेघ कुठेही, कशीही, बहुधा उघड्या अंगावर. कोपराच्या घडीत दोन्हीकडे ठसा उमटलेला असेल तर किड्याचाच संशय घ्या.
- फोड कसे? नागिणीत लालसर जागेवर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस येतात, आणि तीन-पाच दिवस नवे फोड येत राहतात. किड्याची जखम एकदाच उठते.
- दुखणं कसं? नागिणीचा ठणका आत खोल असतो, मधूनच वीज चमकावी तशी कळ येते, रात्री झोप लागत नाही.

आधी येणारं दुखणं भल्याभल्यांना चकवतं. छातीच्या डाव्या बाजूला असेल तर हृदयविकार वाटतो, कमरेत असेल तर मुतखडा, पोटात उजवीकडे असेल तर अपेंडिक्स. इथे एक इशारा देऊन ठेवते. छातीत दुखतंय आणि तुम्हाला नागिणीची शंका आहे, तरी आधी ईसीजी काढून घ्या. नागिणीला एखादा दिवस थांबता येतं, हृदयाला नाही.

७२ तास म्हणजे काय

नागिणीवर नेमकं औषध आहे. एसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर या तीन गोळ्या मुख्य. एसायक्लोव्हिर ज्या संशोधनातून आलं त्यात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. आज हे औषध जेनेरिक दुकानांतही मिळतं, आणि ते आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

हे औषध विषाणूला मारत नाही, त्याची पुढची वीण थांबवतं. म्हणून ते वीण जोरात असतानाच पोटात जायला हवं. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर फोड लवकर सुकतात, ठणका लवकर उतरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी वीण बरीचशी होऊन गेलेली असते आणि मज्जातंतूचं नुकसानही. तरीसुद्धा उशीर झाला म्हणून घरी बसू नका. नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर तीन दिवसांनंतरही औषध दिलं जातं.

डोस माहितीसाठी सांगते, स्वतःच घेण्यासाठी नव्हे. मोठ्या माणसाला एसायक्लोव्हिर साधारणपणे ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस. व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून मधुमेही आणि वयस्क रुग्णांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. या दिवसांत पाणी भरपूर प्यायला द्या. मेडिकल स्टोअरमधून "हर्पीज की दवा" म्हणून आणलेल्या गोळ्यांचा डोस बरेचदा ओठावरच्या फोडाला पुरेल एवढाच असतो, नागिणीला तो अपुरा पडतो. एसायक्लोव्हिरचं नुसतं मलम लावूनही नागिणीत उपयोग होत नाही, कारण भांडण कातडीत नसून मज्जातंतूत चाललेलं असतं. आणि दाद-खाज-खुजलीची, स्टेरॉइड घातलेली मिश्र मलमं तर अजिबात नकोत.

बाकी काळजी साधी आहे. रोज अंघोळ करावी, फोड हलक्या हाताने धुवावेत, टिपून कोरडे करावेत. थंड पट्ट्या, कॅलामाइन, सैल सुती कपडे. फोड फोडू नयेत. पू झाला तरच अँटिबायोटिक. दुखणं सोसत बसू नये, त्यालाही औषध मागावं. वांगं, डाळी, आंबट असलं काही वर्ज्य करायची गरज नाही. आधीच तोंडाची चव गेलेल्या माणसाला नीट जेवू द्या.

तीन ठिकाणची नागीण मात्र त्याच दिवशी दाखवायची. पहिली, कपाळावर किंवा डोळ्याभोवतीची. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका आहे असं समजा, कारण त्या शेंड्याला आणि डोळ्याला एकच मज्जातंतू जातो. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ हवाच, नाहीतर नजर जाऊ शकते. दुसरी, कानाची. कानात ठणका, फोड आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा झाला तर तो रामसे हंट आजार. गायक जस्टिन बीबरने २०२२ मध्ये अर्धा चेहरा हलत नसलेला व्हिडिओ टाकला होता, आठवतंय? तो हाच. तिसरी, अंगभर पसरलेली, किंवा ताप, तीव्र डोकेदुखी, बरळणं यांच्यासोबत आलेली. हमीदियामध्ये आणि एम्समध्ये त्वचा, नेत्र, कान-नाक-घसा असे सगळे विभाग एकाच आवारात आहेत, हे अशा वेळी लक्षात ठेवा.

गेरू, मंत्र आणि आजीचा मान

आपल्याकडे नागिणीवर गेरू लावतात, दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप देतात, मंत्र म्हणून नागीण "उतरवणारे" असतात. त्याने बरं वाटलेले लोकही खूप भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. ते मंत्राने सुकतात, गेरूने सुकतात आणि काही न करताही सुकतात. गोळ्या घ्यायच्या त्या केवळ फोडांसाठी नसतात. त्या वेळेत घ्यायच्या दुखणं आटोक्यात ठेवण्यासाठी आणि डोळ्या-कानासारखी नाजूक ठिकाणं वाचवण्यासाठी.

तेव्हा आजीशी वाद घालत बसू नका. "आजी, तू म्हण मंत्र, पण गोळी आजच सुरू करू," एवढं म्हणा. गेरूची रेघ काढायचीच असेल तर फोडांपासून चार बोटं लांब काढा. फुटलेल्या फोडावर माती आणि न धुतलेल्या दूर्वा गेल्या की पू होतो, डाग राहतात. आजीचा मान राहतो, आजोबांची गोळीही चुकत नाही.

फोड गेले, दुखणं राहिलं

उशिराची किंमत काय असते, हे दोन रुग्णांवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरीच्या एका काकांना डाव्या बरगडीखाली दुखत होतं. तिसऱ्या दिवशी फोड आले. शेजाऱ्यांनी मकडी ठरवली, मलम आणून दिलं. मुलगा परदेशात, त्याला काळजी नको म्हणून सांगितलंच नाही. माझ्याकडे आले तो सातवा दिवस होता. फोड महिन्याभरात गेले, ठणका गेला नाही. काकांना शर्टाचा स्पर्श सहन होईना. बनियन घालून बसायचे, कुणी आलं की आत जायचे. बोट क्लबवरचं सकाळचं फिरणं सुटलं, मंडळाच्या कार्यक्रमांना येणं सुटलं. वर्ष उलटल्यावर कुठे त्यांना बऱ्यापैकी आराम पडला. त्याच सुमारास साधारण त्याच वयाच्या एका आजींना त्यांच्या नातीने दुसऱ्याच दिवशी आणलं. पाठीचा फोटो काढून तिने आधी मला पाठवला होता. त्यांचाही आठवडा वाईट गेला, पण दीड महिन्यात त्या पुन्हा हळदीकुंकवाला हजर होत्या.

दोन रुग्णांवरून नियम होत नाही. वेळेत गोळ्या घेऊनही काहींचं दुखणं मागे राहतं, आणि उशिरा येऊनही काही सुखरूप सुटतात. वय जितकं जास्त, पहिला ठणका जितका तीव्र, तितकी दुखणं रेंगाळण्याची शक्यता जास्त. नागिणीनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणारं हे दुखणं मज्जातंतूचं असतं, त्यामुळे साध्या वेदनाशामक गोळ्या त्यावर फारशा चालत नाहीत. त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं आहेत. ती थोड्या डोसने सुरू करून हळूहळू वाढवायची असतात. सुरुवातीला झोप येते, तोल जातो, म्हणून रात्री बाथरूमला जाताना सोबत असू द्या. "हे नैराश्याचं औषध मला कशाला?" असं वडिलांनी विचारलं तर सांगा की कमी डोसमध्ये ते मज्जातंतूचा ठणका कमी करतं. आणि मुख्य म्हणजे "फोड तर गेले, आता काय दुखतंय तुम्हाला?" असं घरात कुणीही म्हणू नका. दुखणं खरं असतं.

मला होईल का?

घरात नागीण असली की सगळ्यांच्या मनात हा प्रश्न असतो. याचं उत्तर नीट समजून घ्या. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र फोडातल्या पाण्याचा संसर्ग होऊन, ज्याला आधी कांजिण्या आलेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या येऊ शकतात. एकोणिसाव्या शतकात बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांनी हेच पाहिलं होतं. घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली आणि पाठोपाठ मुलांना कांजिण्या आल्या.

सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, हा संसर्ग होऊ शकतो. फोड कपड्याने किंवा पट्टीने झाकले, हात वरचेवर धुतले, टॉवेल वेगळा ठेवला की धोका बराच कमी होतो. आजोबांना वेगळ्या खोलीत कोंडायची, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. त्यांच्याशी गप्पा मारा, शेजारी बसून चहा प्या.

तीन जणांनी मात्र तेवढे दिवस लांब राहायचं. कांजिण्या न झालेली गरोदर स्त्री, तान्हं बाळ, आणि केमोथेरपीसारख्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेला माणूस. सून माहेरी किंवा सासरी डोहाळजेवणाला यायची असेल, बारसं ठरलं असेल, आणि घरात नागीण निघाली असेल, तर कार्यक्रम पंधरा दिवस पुढे ढकला. गरोदर स्त्रीचा संपर्क आधीच आला असेल आणि तिला कांजिण्या झाल्याचं आठवत नसेल, तर त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना कळवा. रक्त तपासून कळतं, आणि गरज पडली तर ठरावीक दिवसांत देण्याचं संरक्षक इंजेक्शन आहे.

इथे तरुणांसाठी एक मुद्दा. उष्ण प्रदेशांत कांजिण्या बरेचदा मोठेपणी येतात. त्यामुळे तिशीतल्या कितीतरी जणांना त्या झालेल्याच नसतात. मोठ्या माणसाला कांजिण्या लहान मुलापेक्षा जड जातात. तेव्हा "मला कांजिण्या झाल्या होत्या का?" हे आईला आत्ताच विचारून ठेवा. झाल्या नसतील तर कांजिण्यांची लस आहे, मोठ्यांना काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा. ती जिवंत विषाणूची असल्यामुळे गरोदरपणात घेता येत नाही, म्हणून बाळाचा विचार सुरू करण्यापूर्वी घ्यायची. मुलांसाठी ती सरकारी लसीकरणात नाही, बालरोगतज्ज्ञांकडे विचारावी लागते. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये ती तयार केली. ज्या आजारी मुलापासून विषाणू घेतला त्याचं आडनाव ओका, म्हणून लशीतला विषाणू आजही ओका म्हणून ओळखला जातो.

पन्नाशीनंतरची लस

नागिणीची लस वेगळी आहे. शिंग्रिक्स नावाची ही लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी दोन मात्रा, दोघींत दोन ते सहा महिन्यांचं अंतर. तिच्यात जिवंत विषाणू नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये तिने नागिणीपासून ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं, सत्तरीच्या पुढेही. घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो, कणकण येते, अंग मोडून येतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नका एवढंच.

ज्यांना एकदा नागीण होऊन गेली त्यांनाही ती घेता येते, कारण नागीण पुन्हा होऊ शकते. मात्र फोड पूर्ण बरे झाल्यावर, डॉक्टरांशी बोलून. उठलेल्या नागिणीवर ही लस म्हणजे उपचार नव्हे. लस महाग आहे, हे खरं. प्रत्येक घराला ती झेपेलच असं मी म्हणणार नाही. पण मधुमेह असलेल्या, मोठ्या उपचारातून गेलेल्या आई-बाबांसाठी विचार जरूर करा. एकसष्टीला काय द्यायचं असा प्रश्न पडणाऱ्यांना तर मी हेच सुचवते. लस परवडत नसेल तर ७२ तासांचा हिशेब फुकट आहे, तो पाठ करा.

येत्या रविवारी

आपले आई-बाबा फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणण्यात पटाईत असतात. तुम्हाला सुट्टी मिळणार नाही, तिकीट महाग आहे, एवढ्याशा फोडांसाठी कशाला त्रास, असा त्यांचा हिशेब. म्हणून येत्या रविवारच्या फोनवर तीन गोष्टी करा. कांजिण्या कुणाला झाल्या होत्या ते विचारा, आईच्या त्या आठवणी ऐकायलाही मजा येते. त्यांच्या मधुमेहाचे आणि क्रिएटिनिनचे ताजे रिपोर्ट फोनमध्ये मागवून ठेवा. आणि हे एक वाक्य सांगून ठेवा: "अंगाच्या एकाच बाजूला दुखून फोड आले, तर मकडी म्हणून बसायचं नाही, त्याच दिवशी मला फोटो पाठवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं." पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून एकट्या राहणाऱ्या काकू-मावशींनी शेजारणीला दाखवायला लाजू नये, हेही सांगा.

पुढच्या अंकात मोतीबिंदूबद्दल बोलू. ऑपरेशन कधी करायचं आणि कुठली भिंग निवडायची, यावर बऱ्याच जणांचे प्रश्न साचले आहेत. तोवर काळजी घ्या, आणि ट्यूबलाइटखालचा किडा चिरडू नका, फुंकर मारून उडवा.